जवळून बोलणारे, लांबून बघणारे

मार्च २०२४ मध्ये लेब्रॉन जेम्स आणि जे. जे. रेडिक यांनी ‘माइंड द गेम’ हा पॉडकास्ट सुरू केला. टेबलावर वाइनचे ग्लास, दोन खुर्च्या आणि बोलणं फक्त बास्केटबॉलचं. कोण कोणावर रुसला, कोणाला किती पगार मिळाला, यातलं तिथे काही नव्हतं. तीनच महिन्यांनी, जूनमध्ये, लॉस एंजेलिस लेकर्सने याच रेडिकला मुख्य प्रशिक्षक नेमलं. लेब्रॉन तेव्हा लेकर्समध्येच खेळत होता. रेडिक पंधरा वर्षं एनबीएत खेळलेला असला, तरी एकाही व्यावसायिक संघाचं प्रशिक्षकपद त्याने त्याआधी सांभाळलेलं नव्हतं.

व्यावसायिक बास्केटबॉलवरच्या पॉडकास्टचं बळ आणि त्याचा दुबळेपणा या एका घटनेत एकत्र सापडतो. आधी बळाबद्दल. पिक अँड रोल हा या खेळातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा डाव. चेंडू हातात असलेल्या खेळाडूच्या बचावपटूच्या वाटेत त्याचाच एक साथीदार येऊन पाय रोवून उभा राहतो. बचावपटूने आता या अडसराच्या वरून जायचं की खालून? वरून गेला, तर चेंडूवाल्याला बास्केटकडे घुसायला वाट मिळते. खालून गेला, तर त्याला लांबून फेकायला मोकळीक मिळते. दोघे बचावपटू चेंडूवर धावले, तर अडसर झालेला साथीदार मोकळा सुटतो आणि मग तिसऱ्या बचावपटूला आपला माणूस सोडून मध्ये यावं लागतं. हे सगळं दोन-तीन सेकंदांत घडतं. टीव्हीवर आपल्याला दिसते ती शेवटची उडी. ही उडी कुठून आली, हे वीस वर्षं तीच उडी मारणारा माणूस, त्याच्या तोडीचं कळणाऱ्या दुसऱ्या माणसाला समजावून सांगत असतो, तेव्हा ऐकणाऱ्याचा पुढचा सामना बदलतो. नजर चेंडूवरून निघून त्या तिसऱ्या बचावपटूवर जाते. नागपाड्याच्या कोर्टवर संध्याकाळी खेळणाऱ्या पोरालाही यातून दुसऱ्या दिवशी करून बघण्यासारखं काहीतरी मिळतं.

आता दुबळेपणा. हा पॉडकास्ट सुरू होता तेव्हा लेकर्सचा प्रशिक्षक होता डार्विन हॅम. संघ अडखळत होता. तो का अडखळतोय, प्रशिक्षकाचे कोणते निर्णय चुकताहेत, हे लेब्रॉनइतकं कोणाला ठाऊक असणार? पण नेमक्या त्याच विषयावर त्याला तोंड उघडता येत नव्हतं. हंगाम संपला, मे महिन्यात हॅमची नोकरी गेली आणि जागा रेडिककडे आली. यात कट होता असं मी म्हणत नाही. रेडिकने पहिल्याच हंगामात ५० सामने जिंकून दिले, तेव्हा नेमणूक नालायक माणसाची झाली होती असंही कोणाला म्हणता येणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की खेळाच्या जितकं जवळ जावं तितकं जास्त कळतं आणि तितकंच कमी बोलता येतं. या प्रकारातला जवळपास प्रत्येक कार्यक्रम या एका गणितावर उभा आहे. कोण चांगला आणि कोण वाईट हे ठरवण्याआधी कोण कुठे उभा राहून बोलतोय ते बघायला हवं.

खेळाडूंच्या पॉडकास्टची लाट साधारण २०१९ पासून आली. मॅट बार्न्स आणि स्टीफन जॅक्सन यांचा ‘ऑल द स्मोक’ त्याच वर्षी सुरू झाला. २००७ मध्ये आठव्या मानांकनाच्या गोल्डन स्टेटने ६७ सामने जिंकलेल्या डॅलसला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं, त्या संघातले हे दोघे. जॅक्सनला २००४ च्या ऑबर्न हिल्समधल्या हाणामारीबद्दल ३० सामन्यांची बंदी झाली होती. बार्न्सने २०१० मध्ये कोबी ब्रायंटच्या तोंडासमोर चेंडू मारण्याची हूल दिली होती आणि कोबीची पापणीही लवली नव्हती. पुढे तोच बार्न्स लेकर्समध्ये कोबीचा सहकारी झाला. अशी माणसं जानेवारी २०२० मध्ये कोबीची मुलाखत घेऊन आली, त्यानंतर थोड्याच दिवसांत कोबी हेलिकॉप्टर अपघातात गेला. त्या मुलाखतीतला मोकळेपणा कोणत्याही पत्रकाराला मिळाला नसता. समोरचा माणूस आपल्यासारखाच घाम गाळून आलेला आहे, एवढ्या एका खात्रीवर खेळाडू दुखापतीबद्दल, भीतीबद्दल, घरच्या गरिबीबद्दल बोलतात. काळ्या खेळाडूंच्या आयुष्यातल्या कितीतरी गोष्टी पहिल्यांदा अशा कार्यक्रमांतूनच त्यांच्या स्वतःच्या आवाजात आल्या. हे मोठं काम आहे आणि ते आकड्यांत मोजता येत नाही.

पण या कार्यक्रमांत दुसरा प्रश्न येत नाही. पाहुणा म्हणतो, त्या प्रशिक्षकाने मला संधी दिली नाही. सूत्रधार मान डोलावतो. त्या हंगामात तुझा बचाव कसा होता, हे कोणी विचारत नाही. मैत्रीने दार उघडलेलं असतं, आणि ज्याने मैत्रीखातर आत घेतलं त्याला अडचणीत कसं आणायचं? ऐकणाऱ्याने हे ओळखून ऐकलं तर तक्रार नाही. गडबड होते ती या कथनालाच इतिहास मानल्यावर. ‘तू कधी खेळला नाहीस’ हे वाक्य तर आता युक्तिवादाच्या जागी वापरलं जातं, आणि त्यापुढे चर्चा थांबते. खेळलेल्या माणसाला आपल्या डोळ्यांसमोरचं दिसतं. आपल्या मागे काय घडलं ते त्यालाही नंतर चित्रफीत लावूनच बघावं लागतं.

याच लाटेतली सगळ्यात धाडसी गोष्ट ड्रेमंड ग्रीनने केली. २०२२ च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेटकडून खेळत असताना तो सामन्यांनंतर पॉडकास्ट करत होता. बॉस्टनविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात त्याने दोन गुण केले, सहा फाउल होऊन बाहेर गेला, संघ मालिकेत १-२ असा मागे पडला. तेव्हा जो तो म्हणायला लागला, माइक खाली ठेव आणि खेळावर लक्ष दे. त्याने माइक ठेवला नाही. सहाव्या सामन्यात १२ गुण, १२ रिबाउंड, ८ असिस्ट आणि विजेतेपद. ज्या रात्री हरलो त्याच रात्री स्वतःच्या तोंडाने ‘मी वाईट खेळलो’ हे सांगणं पत्रकार परिषदेतल्या ठरावीक उत्तरांपेक्षा कितीतरी प्रामाणिक होतं. मात्र पुढच्या सामन्यात संघ काय बदल करणार हे तो सांगू शकत नव्हता, आणि तेच जाणून घ्यायला लोक कान देऊन बसले होते.

दुसऱ्या टोकाला बिल सिमन्स. तो बॉस्टनचा चाहता, वडिलांकडे सेल्टिक्सची हंगामी तिकिटं, लहानपण त्या खुर्च्यांत गेलेलं. ईएसपीएनमध्ये असताना २००७ मध्ये त्याने पॉडकास्ट सुरू केला. तेव्हा हे माध्यम बहुतेकांना माहीतही नव्हतं. आपण ड्रेसिंग रूममधले नाही, गॅलरीतले आहोत, हे त्याने कधी लपवलं नाही आणि तेच त्याचं भांडवल झालं. त्याची स्मरणशक्ती अफाट आहे. आजच्या खेळाडूला सेल्टिक्सच्या १९८६ च्या संघाशेजारी ठेवून तो बोलायला लागला, की या खेळाला एक सलग वंशावळ आहे असं वाटू लागतं. २०१४ मध्ये त्याने अमेरिकन फुटबॉलच्या आयुक्ताला पॉडकास्टवर उघडपणे खोटारडा म्हटलं, ईएसपीएनने त्याला तीन आठवडे घरी बसवलं, पुढच्या वर्षी करार वाढवला नाही. त्याने ‘द रिंगर’ ही स्वतःची माध्यम कंपनी काढली आणि २०२० मध्ये स्पॉटिफायने ती सुमारे २० कोटी डॉलरना घेतली. चाहत्याच्या आवाजाची एवढी किंमत त्याआधी क्वचितच कोणी मोजली होती.

सिमन्सचा दोष त्याच्या बळाला चिकटूनच आहे. चाहता एका सामन्यावर निकाल देतो. आज अमुक संघ संपला, दोन आठवड्यांनी तोच विजेतेपदाचा दावेदार. घरी बसून एवढं बोलायला हरकत नाही. पण एनबीएची वार्षिक पारितोषिकं निवडतात पत्रकार आणि समालोचक, आणि सिमन्सकडेही ते मत होतं. २०२२ च्या वसंतात नवोदितांच्या सर्वोत्तम पाच जणांची चर्चा करताना त्याने ह्यूस्टनच्या जेलन ग्रीनला पॉडकास्टवर शिवी हासडली. त्याला न्यू ऑर्लिन्सच्या हर्ब जोन्सची बाजू घ्यायची होती. ड्रेमंड ग्रीनने लगेच जाब विचारला: दुसऱ्याच्या कमाईवर परिणाम करणारं मत देण्याचा हक्क यांना कोणी दिला?

हा प्रश्न रागातून आला असला तरी बरोबर जागी लागतो. सर्वोत्तम संघांत, म्हणजे ऑल-एनबीएमध्ये नाव आलं, तर तरुण खेळाडूचा नवा करार सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारांवरच्या मर्यादेच्या) २५ टक्क्यांऐवजी ३० टक्क्यांपासून सुरू होऊ शकतो. २०२१ मध्ये बॉस्टनचा जेसन टेटम या यादीतून हुकला आणि पाच वर्षांत मिळून सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलरना मुकला. याबद्दलची नाराजी त्याने बोलून दाखवली तीही रेडिकच्या तेव्हाच्या पॉडकास्टवर. म्हणजे पॉडकास्ट करणारे मत देतात, मतामुळे पगार ठरतो आणि पगार गेलेला खेळाडू दुसऱ्या पॉडकास्टवर जाऊन दाद मागतो. ज्याचं रोजचं काम ठाम, चटकदार मत देणं हे आहे, त्याच्या हातात अशी मतपत्रिका असू नये असं माझं स्पष्ट मत आहे. काहीतरी सणसणीत बोलून टाकायचं आणि नंतर विसरून जायचं, ही मुभा गप्पांना हवीच. ती टिकवायची असेल तर त्या गप्पांवर कोणाचे कोट्यवधी डॉलर टांगलेले असता कामा नयेत.

झॅक लो मला या सगळ्यांत वेगळा वाटतो. आधी ‘ग्रँटलँड’ हे संकेतस्थळ आणि मग ईएसपीएन, तिथे ‘द लो पोस्ट’ हा त्याचा पॉडकास्ट होता. त्याचं हत्यार एकच, सामने बघणं. तळाच्या संघातल्या राखीव खेळाडूने डाव्या हाताने चेंडू टाकायला सुरुवात केली आहे, एवढ्या गोष्टीसाठी तो पाच मिनिटं देतो, आणि पुढच्या वर्षी तोच खेळाडू कोणाच्या तरी पहिल्या पाचांत असतो. तो शंका बोलून दाखवतो. ‘मला अजून खात्री नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडी वारंवार येतं, आणि या धंद्यात ते दुर्मीळ आहे. त्याचं वैगुण्य म्हणजे एनबीएच्या कार्यालयांतल्या मंडळींशी त्याची इतकी ऊठबस आहे, की कधीकधी तो खेळाडूंकडे संघव्यवस्थापकाच्या नजरेने बघू लागतो. माणूस मागे पडतो आणि करार पुढे येतो.

करारांचाच विषय निघाला, तर नेट डंकन आणि डॅनी लेरू यांच्या ‘डंक्ड ऑन’ला तोड नाही. कोरडा, लांबलचक, बारकाव्यांनी गच्च भरलेला. पहिल्यांदा ऐकणारा दहा मिनिटांत कंटाळेल. पण २०२५ च्या उन्हाळ्यात काय झालं ते आठवा. बॉस्टनने २०२४ चं विजेतेपद मिळवलेलं, आणि वर्षभरात त्यांनी ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस दोघांनाही देऊन टाकलं. टेटमच्या घोट्यामागची शीर मे महिन्यात तुटली हे एक कारण. दुसरं कारण २०२३ च्या कामगार करारातला ‘सेकंड अ‍ॅप्रन’. पगारांची बेरीज एका मर्यादेपलीकडे गेली (२०२५-२६ साठी ती सुमारे २० कोटी ७८ लाख डॉलर होती), की संघाला अदलाबदलीत दोन पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, सात वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा हक्कही गोठतो. हे ठाऊक नसेल तर बॉस्टनचं वागणं आत्मघात वाटतं. ठाऊक असेल तर अपरिहार्य वाटतं. बेन टेलरचा ‘थिंकिंग बास्केटबॉल’ हीच चिकाटी मैदानावरच्या खेळाला लावतो, आकडे आणि चित्रफीत शेजारी शेजारी ठेवून. दोन्ही कार्यक्रमांतून एक गोष्ट सुटते. ट्रेड झाला की खेळाडूच्या मुलांची शाळा बदलते, नव्या गावात त्याचा जीव रमतो की नाही यावर त्याचा खेळ ठरतो, हे त्यांच्या तक्त्यात बसत नाही. तिथे पुन्हा ‘ऑल द स्मोक’कडेच जावं लागतं.

आपल्याकडून हा खेळ बघणाऱ्याला अशा कार्यक्रमांची गरज अमेरिकेतल्या श्रोत्याहून जास्त आहे. ३० संघ, १२३० साखळी सामने. न्यूयॉर्कचा रात्री साडेसातचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी सहाला सुरू होतो, लॉस एंजेलिसचा नऊला, म्हणजे ऐन कामावर निघायच्या वेळी. सामना बघायला मिळत नाही, संध्याकाळी लोकलमध्ये किंवा पीएमपीत त्याबद्दल ऐकायला मिळतं. ज्याने सामना बघितलेलाच नाही तो वक्त्याच्या डोळ्यांवर पूर्ण विसंबून असतो, म्हणून आपल्यासारख्यांनी वक्ता निवडताना अधिक चोखंदळ असायला हवं.

‘आतली बातमी’ देणारे पॉडकास्ट याच कारणाने मला सगळ्यात कमी उपयोगी वाटतात. ब्रायन विंडहॉर्स्ट लेब्रॉनच्याच अ‍ॅक्रन गावचा, त्याच शाळेतला. गोष्ट रंगवण्यात त्याचा हात धरणारा कमी. पण १ फेब्रुवारी २०२५ च्या मध्यरात्री लुका डॉन्चिचला डॅलसने लेकर्सकडे धाडलं आणि बदल्यात अँथनी डेव्हिस घेतला, तेव्हा या संपूर्ण उद्योगाला त्याचा वासही लागला नव्हता. २५ वर्षांचा, आदल्याच वर्षी संघाला अंतिम मालिकेत नेणारा खेळाडू. बातमीदार शॅम्स चरानियाची बातमी आली तेव्हा त्याचं खातं हॅक झालंय असं लोकांना वाटलं. दोन्हीकडच्या मोजक्या माणसांनी तोंड बंद ठेवलं आणि तासन् तास चालणाऱ्या अंदाजांचा बाजार उताणा पडला. सूत्रांवर चालणारा कार्यक्रम सूत्रांनी दिलेलंच सांगू शकतो. आणि सूत्र काही फुकट देत नाही. आज मिळालेल्या बातमीची परतफेड उद्या त्याच्याबद्दल सौम्य बोलून करावी लागते.

त्याउलट सप्टेंबर २०२५ मध्ये पाब्लो टोरेने आपल्या पॉडकास्टवर जे केलं ते बघा. ‘अ‍ॅस्पिरेशन’ नावाची दिवाळखोरीत गेलेली कंपनी. तिच्यात क्लिपर्स संघाचा मालक स्टीव्ह बाल्मर याने ५ कोटी डॉलर गुंतवलेले. त्याच कंपनीने क्लिपर्सच्या कावाय लेनर्डशी २ कोटी ८० लाख डॉलरचा जाहिरात करार केलेला, आणि त्या बदल्यात लेनर्डने काही काम केल्याचं कुठे दिसत नव्हतं. पगाराची मर्यादा चुकवण्यासाठी ही मागच्या दाराने केलेली भरपाई होती का, हा टोरेचा सवाल. क्लिपर्सने आणि बाल्मरने आरोप साफ नाकारले, एनबीएने चौकशी लावली. टोरेचा हा पॉडकास्ट केवळ बास्केटबॉलचा नाही, त्याला एकाही संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये जाण्याची गरज नव्हती. त्याने दिवाळखोरीची कागदपत्रं वाचली, माजी कर्मचाऱ्यांशी बोलला आणि सगळं क्रमाने मांडलं. गप्पांचं माध्यम म्हणून ज्याला हिणवलं जातं त्या पॉडकास्टने लीगला हलवलं, ते कागद वाचून.

हे काम प्रक्षेपणाचे हक्क विकत घेतलेल्या वाहिनीने केलं असतं का? डिस्ने, एनबीसी आणि अ‍ॅमेझॉन मिळून ११ वर्षांसाठी ७६ अब्ज डॉलर एनबीएला देत आहेत. ज्या मालाची किंमत आपण मोजली त्याला कीड लागली आहे, असं आपल्याच दुकानातून कोण ओरडून सांगेल? ईएसपीएनमध्ये चांगले पत्रकार आहेत, पण त्यांच्या डोक्यावर हा आकडा आहे.

आणि एक पैसा असा आहे ज्याची मला खरी काळजी वाटते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याची देशव्यापी बंदी उठवली आणि बघता बघता फॅनड्यूल, ड्राफ्टकिंग्ज यांच्या जाहिराती जवळपास प्रत्येक बास्केटबॉल पॉडकास्टच्या मधोमध येऊन बसल्या. अमुक खेळाडू आज किती गुण करेल, किती रिबाउंड घेईल, यावर पैसे लावा. मार्च २०२४ मध्ये टोरांटोचा जॉन्टे पोर्टर आजारी असल्याचं सांगून तीन मिनिटांत सामन्यातून बाहेर गेला. त्याचे आकडे कमी राहतील यावर एकाने ८० हजार डॉलर लावले होते, मिळणार होते ११ लाख. एप्रिलमध्ये एनबीएने पोर्टरला तहहयात बाहेर काढलं, पुढे त्याने न्यायालयात गुन्हाही कबूल केला. पोर्टरवर बंदी आली त्या आठवड्यात जे पॉडकास्ट या प्रकरणावर गंभीरपणे बोलत होते, त्यातल्या अनेकांवर त्याच बोलण्याच्या आगेमागे सट्ट्याची जाहिरात सुरू होती. सूत्रधार स्वतःच्या आवाजात ती वाचतो. ज्या आवाजावर विश्वास ठेवून आपण खेळ समजून घेतो, तोच आवाज पैसे लावायला सांगतो. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांना आणि त्यांच्या जाहिरातींना बंदी घातली, क्रिकेट संघाच्या छातीवरचं नाव एका रात्रीत गेलं. हे पॉडकास्ट मात्र सीमा ओलांडून तसेच कानात येतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये ईएसपीएनने झॅक लोला कामावरून कमी केलं. काही महिन्यांतच त्याच वाहिनीने रोज आरडाओरडीचा वादाचा कार्यक्रम करणाऱ्या स्टीफन ए. स्मिथशी बातम्यांनुसार सुमारे १० कोटी डॉलरचा करार केला. लोच्या पाऊण तासाच्या बोलण्यामागे कितीतरी तासांचं बघणं असतं. वादाच्या कार्यक्रमाला एवढी तयारी लागत नाही. हिशेब सरळ होता, आणि खेळावर प्रेम करणाऱ्यांच्या दृष्टीने तो चुकीचा होता. लोला ‘द रिंगर’ने उचललं, म्हणून आज तो ऐकायला मिळतो. पण तिथेही मालक स्पॉटिफाय आणि जाहिरात फॅनड्यूलची. ‘डंक्ड ऑन’ने श्रोत्यांकडून वर्गणी घ्यायला सुरुवात केली, तो रस्ता मला जास्त सरळ वाटतो. सट्टेवाल्याने पैसे देऊन फुकट ऐकवलेल्या दहा कार्यक्रमांपेक्षा मी स्वतः पैसे मोजून एक ऐकेन, आणि ज्यांना तो तिसरा बचावपटू बघायचा आहे त्यांनीही मोजावेत.